यंत्र आले गावात, पण नोंद कोणाच्या हाती?



ऊस लावला की त्याची नोंद करायची, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. पूर्वी चिटबॉय बांधावर यायचा, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख वहीत उतरून घ्यायचा आणि आपण त्या वहीवर भरवसा ठेवून पुढच्या कामाला लागायचो. आता ही वही हळूहळू मोबाईलमध्ये शिरली आहे. २०२२ साली साखर आयुक्तालयाने 'महा-ऊस नोंदणी' नावाचे ॲप काढले आणि शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद आपल्याच हाताने करण्याची सोय झाली. वजन, बिलाची रक्कम, बँकेत जमा झालेले पैसे हे सारे आता संदेशाच्या रूपाने खिशात येऊन पडते. सोय झाली यात शंका नाही. पण खिशात पडलेला संदेश ज्याला वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने जुनी वही गेली आणि नवी उघडलीच नाही, अशी अवस्था होते. चिटबॉयला निदान बांधावर अडवून विचारता येत होते, "बाबा रे, माझं नाव घातलंस का?" फोनला कसे विचारणार?

या अडचणीला हल्ली 'डिजिटल दरी' असे नाव पडले आहे. हे शब्द १९९०च्या दशकात अमेरिकेतून आले. कोणाच्या घरी संगणक आहे आणि कोणाच्या घरी नाही, एवढाच तेव्हा त्याचा अर्थ होता. पुढे अनुभवाने कळले की यंत्र घरात असणे ही पहिली पायरी झाली. ते चालवता येणे ही दुसरी, आणि चालवून आपल्या पदरात काही पडणे ही तिसरी. आपल्याकडे पहिली पायरी बरेच जण चढले. घरोघर एक तरी फोन आहे. घोडं अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर. आणि घरात फोन आहे म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या हातात आहे, असेही नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पुरुषांपैकी जवळजवळ ४९ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, स्त्रियांमध्ये हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास भरले. म्हणजे दरी गाव आणि शहर यांच्यामध्ये आहे तशी ती एकाच चुलीभोवतीही आहे.

ही दरी बुजवायला समाजकार्याच्या अंगाने काय करता येते, याचा विचार या लेखात करायचा आहे. त्यासाठी आम्ही मुद्दाम ऊसपट्ट्याबाहेरचा एक तालुका समोर ठेवतो, तो म्हणजे गोंदिया जिल्ह्यातला अर्जुनी मोरगाव.

तलावांचा आणि धानाचा मुलूख

सभासद म्हणतील, आपला कारखाना उसाचा, आणि लेखात धानाचा तालुका कशाला? त्याला कारण आहे. एक तर हा मुलूख उसाला अगदीच परका नाही. भंडारा-चांद्याच्या या पट्ट्यातला कोहळी समाज दोन गोष्टींसाठी नावाजलेला होता. तलाव बांधावेत कोहळ्यांनी आणि ऊस पिकवावा कोहळ्यांनी, अशी त्यांची ख्याती जुन्या इंग्रजी नोंदींतूनही आढळते. नवेगावचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे तिथे परंपरेने सांगतात. साखर कारखाना हा शब्द जन्माला यायच्या आधी तलावाखालच्या वावरात तिथे उसाची गुऱ्हाळे चालत.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि अर्जुनी मोरगाव हा त्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वे तिथून जाते. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आणि नवेगाव बांधचे राष्ट्रीय उद्यान याच भागातले. पलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. जंगल दाट, वस्त्या विखुरलेल्या. घरात मराठीची झाडीबोली, काही वस्त्यांत गोंडी. मोहफूल, तेंदूपत्ता, तलावातली मासळी आणि पावसाळी धान यांवर संसार. अशा ठिकाणी सरकारी कारभार फोनवर गेला म्हणजे काय होते, ते तिथे जितके स्पष्ट दिसते तितके आपल्या बागायती पट्ट्यात दिसत नाही. आपल्याकडे तेच दुखणे आहे, पण झाकलेले आहे.

तिथल्या शेतकऱ्याला धान हमीभावाने विकायचे असेल तर पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत केंद्रावर जावे लागते. पण धानाचे पोते केंद्रावर पोचण्याआधी शेतकऱ्याचे नाव संगणकावर पोचलेले असावे लागते. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक घेऊन ऑनलाईन नोंदणी, आणि ती मुदतीत. सातबाऱ्यावर धान लागलेले दिसायला हवे, म्हणजे त्याआधी ई-पीक पाहणी झालेली हवी. ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तलाठ्याने करायची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः, स्वतःच्या शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून करायची. कल्पना उत्तम. तलाठी कार्यालयात बसून पेरे लावले जातात ही तक्रार किती जुनी आहे, हे आपल्याला सांगायला नको. पण फोटो पुढे जायला नेटवर्क लागते, आणि जंगलाच्या कडेच्या वावरात ते कधी असते, कधी नसते.

आता यात पैशाचा मामला किती मोठा आहे ते पाहा. २०२३-२४ च्या खरीप हंगामासाठी शासनाने नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर म्हणून जाहीर केले. धान केंद्रावर घातले असो वा नसो, नोंदणी असली की ही रक्कम मिळणार. म्हणजे पाच एकर धान करणाऱ्याच्या घरी ४० हजार रुपये येणार की नाही, हे त्याने चिखलणी कशी केली यावर ठरत नव्हते. त्याचे नाव त्या यादीत चढले की नाही, यावर ठरत होते. राबणारा राबला, पाऊस पडला, धान पिकले, आणि एका न दाबलेल्या बटणापायी ४० हजार गेले, तर त्या घरात यंत्रयुगाबद्दल काय बोलले जात असेल याची कल्पना सभासदांनी करावी.

मग हा शेतकरी काय करतो? गावातल्या किंवा बाजाराच्या गावातल्या सेवा केंद्रावर जातो. केंद्रावरचा पोरगा चांगला असेल तर काम होते. घाईत असेल तर अर्धवट होते. आणि एक प्रकार असा घडतो की म्हाताऱ्याकडे फोन नाही म्हणून अर्जात केंद्रचालक आपलाच नंबर टाकून मोकळा होतो. त्या दिवशी काम भागते. पण पुढे जो जो संदेश यायचा, जो जो परवलीचा अंक यायचा, तो तिसऱ्याच माणसाच्या फोनवर येत राहतो. अंगठा म्हाताऱ्याचा, जमीन म्हाताऱ्याची, आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या कंबरेला. यात लबाडीच असते असे नाही. बहुतेक वेळा आळस असतो. पण परिणाम एकच.

वारणेचा धडा

ही दरी सहकारी साखर कारखान्याने ओलांडून पाहण्याचा देशातला गाजलेला प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या परिसरात, १९९८ साली, पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे त्यात घेतली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने काम अंगावर घेतले. खर्च अडीच कोटींच्या घरात. निम्मा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, उरलेला दहा टक्के वारणेच्या संस्थांचा. गावोगाव संगणक केंद्रे उघडली. योजना अशी की, या संगणकावर शेतकरी बाजारभाव पाहील, पीकसल्ला घेईल, मुले शिकतील, आरोग्याची माहिती मिळेल, नोकरीच्या जाहिराती कळतील. त्या काळी देशात या प्रकल्पाचा मोठा गवगवा झाला.

पुढे काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातली मंडळी तिथे गेली आणि त्यांनी शांतपणे बघितले की शेतकरी या केंद्रावर नेमके करतो काय. उत्तर साधे निघाले. तो आपल्या उसाचे विचारायला येत होता. तोडीचा परवाना निघाला का, ऊस किती टन भरला, खताची उचल किती झाली, पैसे किती झाले. बाजारभाव आणि जगाची माहिती बाजूला, शेतकऱ्याला आपल्या खात्याचा हिशेब हवा होता. आणि तो हिशेब केंद्रावरचा माणूस काढून देत होता.

आमच्या मते या प्रयोगातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. मोठमोठ्या तज्ज्ञांनी शेतकऱ्याला काय हवे असेल याची यादी केली होती. शेतकऱ्याने ती यादी बाजूला सारून स्वतःची यादी लावली, आणि तिच्यात तीन-चारच ओळी होत्या.

मग त्या संशोधकांनी दुसरा प्रयोग केला. एवढ्याच तीन-चार प्रश्नांसाठी गावोगाव संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती, त्याची संथ जोडणी हे सगळे कशाला? त्यांनी सात गावांत संगणक बाजूला ठेवून साधा मोबाईल वापरला. ठरलेल्या रीतीने लघुसंदेश पाठवायचा, कारखान्यातल्या संगणकाने उत्तर द्यायचे. आठ महिने हे चालवले. संगणकावर जी जी कामे होत होती ती सगळी या साध्या फोनवर झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना हीच रीत अधिक पसंत पडली. या गटातले एक संशोधक केंतारो तोयामा यांनी पुढे २०१५ साली 'गीक हेरेसी' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात त्यांचे म्हणणे असे की, यंत्र हे माणसाच्या अंगी असलेली शक्ती वाढवते, नसलेली शक्ती आणून देत नाही. जिथे संस्था जागी आहे, माणसे कामाची आहेत, तिथे यंत्र सोने करते. जिथे ती नाहीत, तिथे यंत्र धूळ खाते. संगणकाच्या धंद्यातल्या माणसाने हे लिहावे, याचे आम्हाला विशेष वाटले.

वारणेला जे जमले त्यामागे काय होते? कारखाना होता, त्याचा हिशेब सभासदाला माहीत होता, विश्वासाची माणसे गावात होती. अर्जुनी मोरगावच्या धान शेतकऱ्यामागे अशी एकसंध संस्था नाही. त्याचा सातबारा एका खात्याचा, नोंदणी दुसऱ्याची, पैसे तिसऱ्याचे, आधार चौथ्याचे. म्हणून वारणेचे यंत्र उचलून तिथे नेले तर उपयोग व्हायचा नाही. न्यायचे असेल तर ते यंत्राभोवतीचे काम न्यावे लागेल, आणि तिथेच समाजकार्याचा संबंध येतो.

समाजकार्याच्या तीन रीती

समाजकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ब्लँकेटवाटप, रक्तदान शिबिर आणि सत्काराचे हार येतात. त्याची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही, पण या विषयाचे रीतसर शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या राज्यात फार पूर्वीपासून आहेत. १९३६ साली मुंबईत टाटांच्या देणगीतून निघालेली संस्था ही देशातली पहिली. नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आहे. तिथे व्यक्तिसहाय्य, गटकार्य आणि समुदाय संघटन अशा तीन मुख्य रीती शिकवतात. नावे जड आहेत, काम ओळखीचे आहे.

व्यक्तिसहाय्य म्हणजे एका माणसाची एक अडचण तड लागेपर्यंत सोडायची नाही. उदाहरणार्थ, रेशन दुकानात अंगठा उमटत नाही. माती, दगड, विळा यांनी झिजलेली बोटे त्या यंत्राला ओळखू येत नाहीत. हा अनुभव ऊसतोड मजुरापासून धान लावणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचा आहे. इथे शंभर माणसांना एकत्र बसवून संगणकाचे महत्त्व सांगितले तरी त्या बाईचे धान्य सुटत नाही. तिच्याबरोबर कोणीतरी आधार केंद्रावर जायला हवे, बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची नोंद नव्याने करून घ्यायला हवी, पुन्हा दुकानात जाऊन चालते का ते बघायला हवे. तीन खेपा. या तीन खेपा म्हणजे व्यक्तिसहाय्य. वेळखाऊ काम आहे, फोटोत दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

सरकारने एक गोष्ट या दृष्टीने चांगली केली. पीएम-किसानच्या पैशासाठी ई-केवायसी सक्तीची झाल्यावर ज्यांचा अंगठा चालेना, ज्यांच्या आधाराला फोन जोडलेला नाही, असे शेतकरी अडकले. जून २०२३ मध्ये चेहरा दाखवून ओळख पटवण्याचे ॲप आले, आणि त्यात एका शेतकऱ्याला आपल्या फोनवरून शेजारच्या १०० शेतकऱ्यांची ओळख पटवून देण्याची मुभा ठेवली. एकाने शंभरांचे करायचे, त्यांच्या दारात जाऊन. हे सरकारी परिपत्रकात आले असले तरी कल्पना अस्सल गावकीची आहे.

गटकार्य म्हणजे दहा-पंधरा जणांनी मिळून शिकणे. इथे आमचे मत थोडे कडक आहे. २०१७ मध्ये केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढले, सहा कोटी घरांतला एकेक माणूस शिकवायचे लक्ष्य ठेवले, आणि ३१ मार्च २०२४ ला ते संपले तेव्हा कागदावर लक्ष्याहून अधिक लोक शिकलेले होते. असतीलही. पण प्रमाणपत्र मिळालेला माणूस आणि आपला सातबारा स्वतः उघडून बघणारा माणूस यात अंतर आहे. पोहायचे प्रमाणपत्र घेऊन विहिरीत कोणी उडी मारत नाही. शिकणे टिकते ते कामाच्या गरजेतून, ओळखीच्या सोबतीत. २०१५ साली टाटा ट्रस्ट आणि गुगल यांनी मिळून 'इंटरनेट साथी' म्हणून उपक्रम सुरू केला, तो पुढे महाराष्ट्रातही आला. त्यात गावातल्याच बाईला शिकवून, सायकल आणि फोन देऊन, तिने आजूबाजूच्या बायकांना शिकवायचे अशी पद्धत होती. बाईने बाईला, ओट्यावर बसून. सून सासूला शिकवते तेव्हा सासूला लाज वाटते, पण बचत गटातली मैत्रीण शिकवते तेव्हा दोघी हसत शिकतात, हा आमचा अनुभव आहे.

भाषेचाही मुद्दा यातच येतो. अर्जुनी मोरगावच्या पूर्वेला छत्तीसगडात 'सीजीनेट स्वर' नावाचा प्रयोग २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी सुरू केला. साध्या फोनवरून एका नंबरला फोन लावायचा, आपली तक्रार आपल्या बोलीत, गोंडीतसुद्धा, बोलून नोंदवायची, आणि इतरांनी नोंदवलेले ऐकायचे. वाचता येण्याची अटच काढून टाकली. आपल्या कारखान्यांनी यातून एवढे तरी घ्यावे की, सभासदाला पाठवायचा संदेश मराठीत असावा. इंग्रजी अक्षरांत, तोडक्या संक्षेपात आलेला वजनाचा संदेश म्हणजे शिक्षित पोरगा घरी येईपर्यंत बंद राहिलेले पाकीट.

तिसरी रीत समुदाय संघटनाची. काही अडचणी एकट्याच्या नसतातच. टॉवर नाही, केंद्र आठवड्यातून दोन दिवसच उघडते, नोंदणीची मुदत रोवणीच्या ऐन गडबडीत येते. या गोष्टी ग्रामसभेत ठराव करून, गावे एकत्र करून, वर मागायच्या असतात. मागणे हा हट्ट नव्हे, याला आता न्यायालयाचाही आधार आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या संदर्भातल्या एका प्रकरणात, ॲसिड हल्ल्यातले पीडित आणि अंध व्यक्ती यांच्या बाजूने निकाल देताना, डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ज्याला डोळा मिचकावून ओळख पटवता येत नाही त्याला दुसरा मार्ग द्या, असा त्याचा सरळ अर्थ. ज्याचा अंगठा उमटत नाही त्यालाही हीच गोष्ट लागू का होऊ नये?

मधला माणूस

अर्जुनी मोरगावच्या तलावांकडे पुन्हा वळतो, कारण आमच्या मनात घोळणाऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे सापडते. तलावाचे पाणी प्रत्येकाने उठून आपापल्या वावरात घ्यायचे ठरवले असते तर खालच्या टोकाच्या माणसाला कधीच पाणी मिळाले नसते. म्हणून गाव एक माणूस नेमत असे. त्याला पाणकर म्हणत. कोणाला कधी, किती पाणी, हे तो बघे, आणि गाव त्याला त्याचा मोबदला देई. त्याची नेमणूक गावाची, त्याचा मोबदला गावाचा, म्हणून त्याला जाबही गाव विचारू शके. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, त्यांचे 'माजी मालगुजारी तलाव' म्हणजे मामा तलाव झाले, आणि पुष्कळ ठिकाणी ही जुनी व्यवस्था विस्कटली.

आज संगणकाच्या कारभारातही मधला माणूस आहेच. तो नसावा, प्रत्येकाने स्वतः सगळे करावे, हे म्हणणे ऐकायला छान वाटते. ७५ वर्षांच्या माणसाला ते सांगणे मात्र क्रूरपणाचे आहे. सरकारलाही हे कळले असावे. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः नोंद करावी म्हणून सुरुवात झाली, पण पुढे उरलेल्या क्षेत्रासाठी गावोगाव सहायक नेमावे लागले. तेव्हा मधला माणूस राहणार आहे. तो कोणाला बांधील आहे, एवढाच प्रश्न. दर अर्जामागे पैसे घेणारा केंद्रचालक अर्जाला बांधील असतो, अर्ज वर गेला की त्याचे काम संपले. गावाने किंवा संस्थेने नेमलेला माणूस निकालाला बांधील असतो. पैसे खात्यात आले का, हे त्याला चावडीवर विचारता येते. धान खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था, महिला बचत गटांचे ग्रामसंघ, वन हक्क मिळालेल्या ग्रामसभा या अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्यात असा माणूस नेमू शकतात. आपल्याकडे तर कारखान्याचे गट कार्यालय आयते उभे आहे.

आणि या माणसाच्या कामाचा एक नियम असावा, तो म्हणजे त्याने सभासदाचा फोन स्वतःच्या हातात घेऊ नये. शेजारी बसून सभासदाच्याच बोटाने दाबून घ्यावे. उशीर लागतो. पण तिसऱ्या वेळी सभासद निदान आपली नोंद उघडून वाचायला शिकतो. सगळे अर्ज स्वतः भरता आले नाहीत तरी चालेल, आपल्या नावावर काय लिहिले आहे हे वाचता यायलाच हवे. सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या, असे आपले वडीलधारे सांगत आले, त्याचाच हा पुढचा भाग.

आपल्या सभासदांपुरते बोलायचे तर राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. ज्यांनी तो काढला त्यांनी त्यात आपले सर्व गट नंबर जोडले गेले आहेत का, ते पाहून घ्यावे. आधाराला, बँकेला आणि ऊस नोंदीला जोडलेला फोन नंबर आपला स्वतःचा किंवा घरातल्याच माणसाचा आहे, याची खात्री करावी. दुसऱ्याचा असेल तर तो बदलून घेणे हे पहिले काम. परवलीचा अंक फोनवर कोणालाही सांगू नये, मग तो बँकेचा साहेब म्हणून बोलो की कारखान्याचा. कारखाना असा अंक विचारत नाही. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, जितका लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक. सेवा केंद्रावर काम केले की पावती मागावी, आणि पावतीवर अर्जाचा क्रमांक आहे का ते बघावे.

ज्या सभासदांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, ज्यांच्या नोंदीला परक्याचा नंबर लागलेला आहे, किंवा ज्यांच्या घरी संदेश वाचणारे कोणी नाही, अशांची नावे शेजाऱ्यांनी गट कार्यालयात द्यावीत. विधवा व एकट्या राहणाऱ्या भगिनी सभासदांची नावे आधी द्यावीत. नाव देताना ज्याचे नाव आहे त्याला विचारून द्यावे.